घरचे म्हणजे कोण

पिठाच्या गिरणीवर उभं आयुष्य काढलं, तरी ताई कुणाला तोंडावर 'नाही' म्हणायला शिकली नाही. रांगेत घुसणाऱ्याचा डबाही ती आधी घ्यायची आणि मागच्यांची बोलणी निमूट खायची. लोक त्याला चांगुलपणा म्हणत. कसला चांगुलपणा, भित्रेपणाच तो.

उद्या तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. जिवाला घोर एकच, आपलं बरंवाईट झालं तर धाकट्याचं काय? भाऊ पन्नाशीला आलेला, पण समज लहान पोराची. थोरल्या भावाचा गिरणीवर केव्हाचा डोळा होता. ती विकून धाकट्याला कुठल्यातरी आश्रमात टाकायला त्यानं मागेपुढे पाहिलं नसतं.

म्हणून आज ट्रस्ट करायचा होता. थोरल्याला अचानक बहिणीचा पुळका आला. "मी सोडतो," म्हणत तो आला आणि वकीलबाईंच्या खोलीत तिला खेटूनच बसला. विश्वस्त व्हायला तयार झालेली भाची समोर होती, शेजारी धाकटा.

वकीलबाईंनी ताईनं लिहून आणलेला कागद वाचला. "'माझ्या मागे जे काही असेल ते घरच्यांसाठी.' ताई, असा ट्रस्ट होत नाही. काय देताय, कुणासाठी, कशासाठी, सगळं नेमकं हवं. आणि मागे नाही, आत्ता. गिरणी आजच भाचीच्या ताब्यात द्यायची, नोंदणीसकट. ती सांभाळेल, पण स्वतःसाठी नाही."

"घरचे म्हणजे आम्ही सगळेच की," थोरला म्हणाला. "बरोबर लिहिलंय तिनं."

"घरचे म्हणजे कोण, ताई?" वकीलबाईंनी विचारलं.

कुणी दुखावू नये म्हणूनच तिनं तसं लिहिलं होतं. आता थोरला रोखून बघत होता आणि या नजरेपुढे ती जन्मभर मान खाली घालत आली होती. नोंदणी कार्यालय बंद व्हायला फार वेळ नव्हता.

"धाकट्यासाठी," ती म्हणाली. "त्याच्या पोटापाण्याला आणि डोक्यावर छप्पर राहायला. गिरणी आणि वरच्या दोन खोल्या. दादा, तू यात नाहीस."

थोरला तरातरा निघून गेला. वकीलबाईंनी मजकूर नव्यानं छापून घेतला.

"सही केलीत की यातलं काही तुमचं राहणार नाही. समजलं ना?" नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं. तिनं मान हलवली आणि सही केली.

बाहेर धाकटा तिच्यापुढे येऊन उभा राहिला. "ताई, गिरणी तुझी नाही. खोल्या तुझ्या नाहीत. मग तू कुठे राहणार?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आख्ख्या कागदात तिनं स्वतःसाठी कोपरासुद्धा मागितला नव्हता. तिला रडू फुटलं.

धाकट्यानं बराच विचार केला.

"माझ्याकडे राहा," तो म्हणाला.