सगळ्याचा परिणाम शून्य धरणारा माझा साडू

जगातल्या कुठल्याही गोष्टीने काहीही फरक पडत नाही असं धरून चालणारा, आणि तरीही रोज वेळेवर दाढी करणारा, माझ्या ओळखीत एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. घाटकोपरला राहतो, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो आणि रिग्रेशनचा नियम घरातही पाळतो. अमुक गोष्टीमुळे तमुक झालं असं कुणी म्हणालं, की आधी तिचा परिणाम शून्य धरायचा. मग आकडे मागायचे. आकड्यांनी त्या शून्याला जागचं हलवलं, तरच तिचं श्रेय मान्य. तोवर देव, डॉक्टर आणि बायको, तिघंही रांगेत.

त्यांच्या सोसायटीने वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून ए विंगची पाण्याची टाकी हलवली आणि भांडणं कमी झाली, असं सेक्रेटरींनी सभेत अभिमानाने सांगितलं. साडूने उभं राहून विचारलं, की बी विंगची टाकी जागेवरच आहे, तिथली भांडणं किती कमी झाली? तिथलीही तेवढीच कमी झाली होती. मे महिना होता, निम्मी बिऱ्हाडं कोकणात गेली होती. माझ्या मेहुणीच्या काढ्याने याची सर्दी बरी झाली, तर म्हणे ती तशीही जाणारच होती. पुढच्या सर्दीला तिने काढा दिला नाही, चहाही दिला नाही. "घे, कर तुलना," म्हणाली. ती दोघं आमच्याकडे जोडीने आली की पुरणपोळी ठरलेली. पण दोन गोष्टी कायम एकत्र आल्या, की कुणामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही, ही त्याच्या शास्त्रातली जुनी अडचण. म्हणून एका शनिवारी तो मुद्दाम एकटा आला. माझ्या बायकोने सकाळचे उरलेले पोहे गरम करून पुढे ठेवले. त्याने ते शांतपणे संपवले आणि म्हणाला, "मिळालं उत्तर."

इथवर मला हसू येतं. पुढचं लिहिताना येत नाही.

मी मानखुर्दच्या वस्तीत भाड्याच्या एका खोलीत दर रविवारी सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवायचो. भाडं आणि वह्या अंधेरीची एक देणगीदार संस्था द्यायची. वर्गामुळे मुलांचे मार्क वाढतात याचा तिला पुरावा हवा झाला. मी मोठ्या विश्वासाने मुलांची हजेरी, शाळेतले मार्क आणि घरची माहिती साडूच्या हवाली केली. त्याने सबंध दिवाळीची सुट्टी त्यात घातली. निघालं ते असं, की वर्गाचा परिणाम किंचित चांगला दिसत होता, पण त्या अंदाजातली अनिश्चितता त्याहून मोठी होती. शून्य जागचं हललं नव्हतं. आईच्या शिक्षणाचा रकाना काढून बघ, असं मी म्हटलं. म्हटलं कसलं, विनवलं. त्याने काढला आणि स्क्रीनवर माझ्या वर्गापुढे एक तारा उमटला. फरक पक्का असल्याची ती खूण. मला खरोखर भरून आलं. त्याने रकाना परत घातला आणि तारा गेला.

"तो तारा तुझा नाही रे, मास्तर," तो म्हणाला. "त्या पोरांच्या आयांचा आहे. शिकलेली आई पोराला नेमाने वर्गात धाडते आणि घरीही अभ्यासाला बसवते."

अहवाल तसाच गेला. संस्थेच्या बाईंनी त्यातून एवढंच घेतलं, की वर्गाचा उपयोग शून्य. मग हा पठ्ठ्या मला न सांगता अंधेरीला जाऊन बाईंशी तासभर भांडला, हे मला पुढे मेहुणीकडून कळलं. शून्य नाही असं दाखवता आलं नाही, म्हणजे शून्यच आहे असं होत नाही. पोरं कमी पडली, अजून दोन वर्षं द्या, असं तो परोपरीने सांगत होता. बाईंनी त्याला कॉफी पाजली आणि पैसे थांबवले. त्या खोलीत आता कुरिअरवाल्याची खोकी असतात.

पुढच्या गणपतीला मी त्यांच्याकडे गेलो नाही. रागावलो होतो, पण रागापेक्षा वाईट हे, की माझा त्याच्यावर विश्वास आहे. मी त्या पोरांचे रविवार खाल्ले का? त्यांना खेळू दिलं असतं तरी तेवढंच गणित आलं असतं का? हा प्रश्न माझ्या उशाशी असतो. त्याचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो म्हणतो, सांगता येत नाही. एक रकाना गाळला असता तर वर्ग आजही चालू असता, असंही वाटतं, आणि वाटल्याची लाज वाटते.

हल्ली मी तिथल्याच बुद्धविहाराच्या ओट्यावर चार-पाच मुलांना घेऊन बसतो. गणपती गेल्यावर एका रविवारी साडू तिथे उगवला, चपला काढल्या आणि थेट एका मुलीला अपूर्णांक समजावू लागला. तेव्हापासून येतो. हजेरीही तोच मांडतो. एकदा मी मुद्दाम टोचून विचारलं, "शून्यासाठी घाटकोपरहून कशाला येतोस रे?"

त्याने मुलीच्या वहीतून मान वर केली नाही. "अजून पुरेशी पोरं झाली नाहीत," म्हणाला.

या गतीने ती पुरेशी व्हायला आम्हा दोघांचं आयुष्य पुरायचं नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पण रविवारी त्याला यायला उशीर झाला, की शिकवता शिकवता माझं लक्ष सारखं गल्लीच्या तोंडाकडे जातं.