काट्यापुढे अडणारा श्वास

घड्याळजींना वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जाण्याची काहीएक गरज नव्हती. छत्तीस वर्षं ते जिन्याखालच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलत आले होते. पाण्याशी संबंध इतकाच की लोकांची घड्याळं पाण्यात पडत आणि वाळवायला यांच्याकडे येत. पण लेकीचा फोन आला आणि गृहस्थ अडकले.

लेक चांगली कचेरीतली नोकरी सोडून लांबच्या एका बेटावर समुद्रात बुडी मारायला शिकवणाऱ्या शाळेत वर्षभर उमेदवारी करत होती. आता तिथल्या मोठ्या बाई तिची परीक्षा घेणार होत्या. कधीही पाण्याखाली न गेलेला माणूस आणायचा, तीन दिवसांत तयार करायचा आणि चौथ्या दिवशी बाईंसमोर समुद्रात उतरवायचा. जमलं तर कायमची नोकरी, नाही तर परतीची बोट. पर्यटकांचा मोसम सरला होता आणि बेटावरची माणसं जन्मापासून पाण्यातच. बाबांइतका कोरा माणूस तिच्या ओळखीत दुसरा नव्हता.

निघताना बायकोने पिशवीत दोन टॉवेल जास्तीचे कोंबले आणि खाली बघतच म्हणाली, “नाहीच जमलं, तर मनाला लावून घेऊ नका. पोरगी घरी येईल, एवढंच ना?”

घड्याळजींनी पिशवी उचलली. पण टॉवेलांपेक्षा ते वाक्यच वाटभर जड झालं.

बेटावर उतरल्याबरोबर त्यांनी उंच माडांकडे पाहिलं नाही, निळ्या पाण्याकडेही नाही. धक्क्यावरचं घड्याळ पाहिलं. सात मिनिटं मागे होतं. शिडी कुठे मिळेल, अशी ते चौकशी करू लागले तेव्हा लेकीने त्यांना दंडाला धरून पुढे नेलं.

पहिल्या दिवशी रबरी पोशाख चढवण्यातच बापलेकींची अर्धी शक्ती गेली. लहान अभ्र्यात मोठी उशी घालावी तसा प्रकार. मग लेकीने नियम सांगितला: बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. रोखलेल्या श्वासाने माणूस वर येऊ लागला तर छातीतली हवा फुगते आणि गोष्ट जिवावर बेतते. घड्याळजी म्हणाले, एकोणसाठ वर्षं श्वासच घेतोय, त्यात शिकायचं काय.

सरावाच्या तलावात सुरुवात खरोखर छान झाली. तळाशी गुडघे टेकले, चष्म्यात शिरलेलं पाणी फुंकून काढलं, कुठे घाबरले नाहीत. मग लेकीने खूण केली की पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते बघा. ते कळतं नळीच्या टोकाला लोंबणाऱ्या एका गोल डायलवर. घड्याळजींनी तो डोळ्यांसमोर धरला. पांढरी तबकडी, काळे आकडे, बारीक काटा. आणि तोंडातून निघणारे बुडबुडे एकदम बंद झाले.

उघड्या घड्याळावर चिमटा नेताना श्वास घ्यायचा नसतो. एक फुंकर पडली की स्क्रू कपाटाखाली, आणि त्याची भेट पुढच्या साफसफाईला. छत्तीस वर्षांत ही सवय इतकी मुरली होती की काटा दिसला की श्वास आपोआप थांबे. भरल्या छातीने घड्याळजी डायल निरखत, मांडी घातल्यासारखे, संथपणे वर तरंगू लागले. लेकीने पाय धरून खाली ओढलं.

बाजूने जाणाऱ्या मोठ्या बाईंनी नंतर त्यांचं सिलिंडर तपासलं आणि नवख्या माणसाला इतकी कमी हवा लागलेली आपण पाहिली नाही, असं कौतुक केलं. घड्याळजी खूश झाले. लेक हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सात वेळा तेच. तिसऱ्या दिवशी तिने मोजायचं सोडलं. संध्याकाळी दोघं धक्क्याच्या पायऱ्यांवर बसले होते.

“बाबा, खरं सांगा. आईने तुम्हाला काही सांगून पाठवलंय का?”

घड्याळजींना हे फार लागलं. ते म्हणाले, “आई म्हणायचं ते म्हणाली. पण मी मुद्दाम नाही करत गं. दुकानात आलेलं घड्याळ मी कधी मुद्दाम बिघडवलंय का?”

लेकीचा चेहरा उतरला. तिने तिथूनच आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं. उद्या डायलपाशी श्वास अडकला की आपला निकाल लागला, हेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. आई गप्पच राहिली असती, तर लेक घरी येणार होती.

“भिंग लावलं की श्वास घेतच नाहीत ते,” आई शेवटी म्हणाली. “मी दुकानात बसून बडबडते ती काय हौस म्हणून? मी काही विचारलं की ते ‘हं’ म्हणतात. ऐकत काडीचं नाहीत, पण ‘हं’ म्हणताना श्वास सुटतो. मग पुन्हा घेतात. तू पण विचारत राहा त्यांना काहीतरी.”

त्या बडबडीबद्दल घड्याळजींनी आजवर मित्रांकडे ज्या तक्रारी केल्या होत्या, त्या सगळ्या त्यांना पायरीवर बसल्या बसल्या आठवल्या.

पाण्यात विचारणार कसं? लेकीने ठरवलं, खांद्यावर दोन बोटं टेकवीन, तो प्रश्न समजायचा.

चौथ्या दिवशी तिघं समुद्रात उतरली. तीन मजले खोल गेल्यावर मोठ्या बाईंनी डायलकडे बोट केलं. घड्याळजींनी डायल उचलला. बुडबुडे थांबले. खांद्यावर दोन बोटं आली. “हं,” घड्याळजी नळीत म्हणाले आणि बुडबुड्यांचा घोस वर गेला. त्यांनी बोटांनी आकडा दाखवला, बरोबर. बाईंनी पुन्हा विचारलं. बोटं, “हं”, आकडा. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी बाईंनी लेकीचा हात मधेच धरून ठेवला.

बुडबुडे थांबले. घड्याळजी काट्याकडे पाहत राहिले. खांद्यावर काही येईना. त्यांची पावलं वाळूवरून जराशी सुटली. लेकीला हात सोडवता येईना.

आणि त्यांच्या कानांत, कुठून कोण जाणे, “अहो, ऐकताय ना?” असं आलं.

“हं,” घड्याळजी म्हणाले.

बोटीवर चढल्यावर मोठ्या बाईंनी चष्मा वर केला. “तुझ्या वडिलांना अजून दोन बुड्या लागतील,” त्या लेकीला म्हणाल्या. “तुला नाही. सोमवारपासून कामावर ये.”

दुपारी घड्याळजींनी घरी फोन केला. मासे कसे होते, रंग काय काय होते, बायकोने हौसेने विचारलं. त्यांना आठवलं ते एवढंच: दीडशे, एकशे तीस, एकशे दहा. मग तिने विचारलं, पोरगी कधी येतेय.

“आता सुट्टीत येईल,” घड्याळजी म्हणाले.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, “तिच्या खोलीला पडदे आहेत का? नसतील तर मापं घेऊन या. उन्हं येत असतील.”

लेकीच्या खोलीत माप घ्यायला काही नव्हतं. घड्याळजी खुर्चीवर चढले आणि विती टाकत खिडकी मोजू लागले. लेक खुर्ची धरून खाली उभी राहिली आणि ते सांगतील तसं तळहातावर लिहून घेत गेली: उंची सहा विती, रुंदी चार विती आणि तीन बोटं.