पत्र्यावरचे धोंडे

वळवाच्या आधी वारा एकाएकी पडतो, लिंबाचं पानही हलत नाही, आणि तापलेल्या पत्र्यांचा कढत, लोखंडी वास अंगणभर दाटून राहतो. अहमदपुरात तीस वर्षं काढल्यावर हा वास आला की माझे हात आपोआप कामाला लागतात. वीज जाण्याआधी टाकी भरायची, ज्वारीची पोती ओलसर भिंतीपासून सरकवायची, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबायच्या. आणि परसातल्या खोलीच्या पत्र्यांवर धोंडे ठेवायचे. आमच्याकडं घरोघरी हीच रीत! पत्रे उडू नयेत म्हणून धोंडे. पण पत्र्यांबरोबर धोंडेच उडाले तर?

हा प्रश्न इतर कुणाला पडो न पडो, मला पडायलाच हवा होता. मी शाळेत विज्ञान शिकवते. परीक्षा संपता संपता वादळाच्या पूर्वतयारीचा तास मीच घेते, आणि 'पत्र्यावर दगड ठेवू नका, आकडे आवळून घ्या' हे वाक्य फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या पत्र्यांचे आकडे गंजून गळाले होते आणि मिस्त्रीला बोलावणं मी तीन उन्हाळे पुढं ढकललं होतं.

बोळीपलीकडच्या सोजरबाईंनी बजावलंही होतं. साठी उलटलेली एकटी बाई, मुलगा लातूरला नोकरीला. "मॅडम, ते धोंडे काढा की हो, माझ्या अंगणावरच हायेत सगळे." मी हसले. म्हटलं, एवढाले धोंडे कुठं उडतात, सोजरबाई!

गेल्या वैशाखात वावटळ उठली. माझ्या कुरडया त्यांच्या अंगणात बाजेवर वाळत होत्या, कारण ऊन तिथं जास्त वेळ टिकतं. मी घरात खिडक्या लावत होते. पत्रा कर्रकन उचकटला, काहीतरी धपकन पडलं आणि मागोमाग किंकाळी आली. धावत गेले तर सोजरबाई पावसात खाली बसलेल्या, उजवा हात लोंबकळलेला, शेजारी माझा धोंडा आणि पदरात माझ्या कुरडया. "भिजू दिल्या न्हाईत बघा," म्हणाल्या.

त्या क्षणी मी काय केलं, ठाऊक आहे? कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते. रिक्षाला हाक मारण्याआधी मी तो धोंडा उचलला आणि बोळ ओलांडून आमच्या परसात टाकला. सोजरबाई बघत होत्या. मला विव्हळणं ऐकू येत होतं, आणि तरीही मी आधी धोंडाच उचलला!

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. "पाय घसरला रे, चिखल झाला व्हता," त्यांनी सांगितलं, आणि माझ्याकडं पाहिलं. शेजार तुटू नये म्हणून बोलल्या असतील, की मी स्वतः खरं सांगते का ते पाहत असतील? एका वाक्याचं तर काम होतं. जन्मभर बोलण्यावर पोट भरणारी मी, आणि माझ्या तोंडून निघालं ते, "हो ना, चिखल फारच झाला होता." मुलगा माझ्या पाया पडला. वेळेवर दवाखान्यात आणलं म्हणून!

आता आमच्या पत्र्यांना नवे आकडे आहेत, वर खडासुद्धा नाही. सोजरबाईंचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. म्हणून रोज सकाळी शाळेआधी मी त्यांच्या ओसरीवर जाते, केस विंचरून अंबाडा घालून देते. गल्लीतल्या बायका नळाला येतात, थांबतात. "सख्खी लेक बी करणार न्हाई एवढं," त्यांतली एखादी म्हणतेच. सोजरबाई मान ताठ धरून समोर पाहत राहतात. माझ्या हातातली फणी गुंत्यात अडते. "अहो, कशाचं काय!" मी पुटपुटते, आणि बायकांना तो माझा विनय वाटतो.