आजोबाच्या मरणाचा सांगावा

"तुमचं राहू द्या. आधी लोकांना चहा संपवू द्या."

साहेब एवढंच म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

जागा नारायणगुड्यातली. दुकानांच्या वरचा मजला, खिडक्यांना काळ्या काचा, आत गारठा. एसी कॉम्प्युटरच्या मशीनसाठी होता, आम्हाला तो फुकटात मिळायचा. नव्वदीचं दशक. परदेशातली कामं नुकती हैदराबादला उतरायला लागली होती. इंग्रजी टाइप करता येणाऱ्या पोरींना नोकऱ्या मिळत होत्या. मला मिळाली तेव्हा माझ्या बापाने बेगम बाजारात पेढे वाटले. तो तिथे हमाली करायचा, मिरचीची पोती उचलायचा. पोरगी थंड हवेत बसून काम करते, हे ज्याला त्याला सांगायचा.

काम वेल्स नावाच्या मुलखाचं. इंग्लंडला लागून असलेला डोंगराळ मुलूख. तिथल्या लहान लहान गावांच्या आठवणी गावातल्याच लोकांनी लिहून काढल्या होत्या. कुणाचा आजोबा खाणीत गेला, कुणाच्या आजीने पुरात गाय वाचवली, चर्चची घंटा कशी फुटली. ती पानं आम्ही मशीनवर चढवायची. एकच पान दोघींनी वेगवेगळं टाइप करायचं, मग मशीन दोन्ही ताडून चुका दाखवायचं. माझी जोडीदार लक्ष्मी. गौलीगुड्याची, तेलुगू.

त्या गावांत आडनावं मोजकीच. अर्धं गाव जोन्स, उरलेलं डेव्हिस. म्हणून ओळख पटायला नावाला काम जोडायचे. जोन्स पाववाला. डेव्हिस दूधवाला. साहेबांना ही रीत फार आवडली. साहेब पुण्याचे. बोलायला गोड, कधी कुणावर आवाज चढवला नाही. चहाच्या वेळी म्हणाले, "आपणही करू या की. प्रत्येकाला आजोबांच्या कामाचं नाव."

स्वतः झाले इनामदार. हिशेब बघणाऱ्या बाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, आजोबा निजामाच्या कोर्टात वकील. त्या झाल्या वकील. लक्ष्मी झाली मास्तर. मग माझी पाळी. माझं आडनाव त्यांना माहीत होतं. मराठी माणसाला आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. त्यांनी विचारलंही नाही. आजोबाचं काम ऐकून लोकांचा चहा नासेल, म्हणून माझं राहू द्यायचं.

आणि मी हसले. दात दाखवून.

भीती होती, नोकरीची. पण भीती हे अर्धंच कारण. बाकीची सवय. बाजारातला शेठ आईवरून शिवी द्यायचा तेव्हा बाप असाच हसायचा. लहानपणी ते बघून माझं डोकं फिरायचं. आता तेच हसू माझ्या तोंडावर आलं होतं, आणि आणायला काही कष्टही पडले नाहीत.

लक्ष्मी हसली नव्हती. जागेवर आल्यावर तिने हळूच विचारलं, "तू कायकू हँसी?"

मी पुढचं पान समोर ओढलं.

सकाळीच आम्ही दोघींनी एक पान टाइप केलं होतं. एका बाईने आजोबाबद्दल लिहिलं होतं. तो गावाच्या कबरी खणायचा. डेव्हिस कबरवाला. तिने त्याचं पूर्ण नाव लिहिलं होतं, तो कुठल्या बाजूने खणायला सुरुवात करायचा ते लिहिलं होतं. त्याचं फावडं तिने बैठकीच्या खोलीत टांगलं होतं. टाइप करताना मला त्या म्हाताऱ्याबद्दल आदर वाटला होता. परक्या बाईच्या आजोबाचं नाव मला पाठ. माझ्या आजोबाचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. न विचारण्यात सोय होती.

संध्याकाळी घरी आले. बाप खांद्याला तेल चोळत बसला होता.

"बाबा, आजोबाचं नाव काय?"

"कायकू पायजे? गावचं नक्को काढू. तू खुर्चीवर बसती, तेवढं बास."

मी हटले नाही. त्याने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"सटवा," तो म्हणाला. "पन नावानं कोन हाक मारतंय. कामानंच बोलवायचे."

म्हणजे ती रीत आमच्याकडेही होती. तिकडे नावाला काम जोडत. आमच्या गावात कामाने नावच गिळलं होतं.

मग तो बोलत राहिला. मी विचारलं नाही ते सुद्धा बोलला. "मेलेलं ढोर बा वढायचा. गावात कोनी मेलं तर सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन बाच जायचा. ऊन असो, पानी असो. पायी. तिथं ओट्याखाली उभं राहून वरडायचं, तुमचा अमका गेला. घरात रडारड सुरू व्हायची. त्याला पानी बी कोनी इचारायचं नाही."

त्याने तेलाची वाटी परत जवळ ओढली.

"आन त्यो मेला, तर सांगावा द्यायला कोनी नव्हतं. मी हितं पोती उचलत होतो. पिकं निघाल्यावर कळलं मला."

मी त्याला चहाची गोष्ट सांगितली. हसले तेही सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. चिडावं, असं मला फार वाटत होतं.

"हसली ते बरं केलं," तो म्हणाला. "नोकरी टिकल."

त्याने थोबाडीत मारली असती तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चहा आला. साहेब खुशीत होते. वकीलबाईंना हाक मारली, मास्तरांना हाक मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला आपण नुसतं ताई म्हणू. चालेल ना?"

"नाही चालणार," मी म्हणाले. "माझ्या आजोबांचं नाव सटवा. मेलेली जनावरं ओढायचे. कुणी मेलं की पायी जाऊन त्याच्या सोयऱ्यांना कळवायचे. तुमच्या इनामाच्या गावातही ही कामं कुणीतरी करत असेलच. काल चहा संपायचा होता म्हणून सांगता आलं नाही. आता प्या चहा."

कुणी प्यायलं नाही. मी माझा कप उचलला. आणि संपवला.

"गंमत होती हो," साहेब म्हणाले. "इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मी लावून घेतलंय," मी म्हणाले.

तो खेळ बंद पडला. वकीलबाई आपला चहा स्वतःच्या टेबलावर मागवू लागल्या. लोकांना वाटेल, बोलले म्हणजे सुटले. सुटले नाही. आदल्या दिवशीचं हसू अजून माझ्या तोंडात आहे. सटवाने आयुष्यभर परक्या दारात उन्हात उभं राहून घसा कोरडा केला, आणि त्याच्या नातीने एसीत बसून त्याच्यावर हसून घेतलं. याची भरपाई दोन वाक्यांत होत नाही.

त्या संध्याकाळी मी बापाला सांगितलं, "मी गावाला चालले. आजोबाच्या मरणाचा सांगावा द्यायला."

"इतक्या वर्सांनी? कुनाला?"

"ज्यांच्या दारात तो ओरडला त्या सगळ्यांना. ओट्याखालून नाही, ओट्यावर बसून. त्याचं नाव घेऊन. आणि त्यांनी पाणी दिल्याशिवाय उठणार नाही."

"हसतील तुला," बाप म्हणाला.

"हसू देत," मी म्हणाले. "मी हसणार नाही."