गार झालेली कॉफी

शेजारच्या काकू त्यांच्या मुलाविषयी काहीतरी सांगायला आल्या आहेत आणि अजून मुद्द्यावर आलेल्या नाहीत. त्यांच्या चहावर साय धरली आहे. "घ्या ना, गार होतोय," हे शब्द अगदी ओठांवर येतात, पण मी ते गिळते.

भांडणाऱ्या दोन गटांना समोरासमोर बसवणं हे माझं काम. परमुलखात एकदा एका गटप्रमुखाच्या घरी अशीच बैठक होती. दुसऱ्या गटातले एक म्हातारे बाबा आले होते. आपल्या मुलाला कुठे पुरलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पुढ्यातल्या कॉफीला ते हात लावेनात. प्रमुख नुसता त्या भरल्या कपाकडे बघत होता. मला ते अवघडलेपण सोसेना. "घ्या ना बाबा, गार होतेय," मी आपल्या सवयीने आग्रह केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप रिकामा केला. प्रमुखाचा चेहरा सैल झाला. मला वाटलं, जमलं!

परतताना दुभाषी म्हणाला, "इथे मागणं घेऊन आलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफी पीत नाही. प्यायला, म्हणजे मागणं सोडलं. पाहुण्या बाईचा शब्द त्यांना मोडवला नाही."

बाबांनी तो प्रश्न कधीच विचारला नाही. माझ्या अहवालात मात्र 'वातावरण निवळले' असं वाक्य आहे. अवघडलेपण गेलं की तंटा मिटला, असं मी किती ठिकाणी समजून चालले असेन?

"अगं बाई, गारच झाला की चहा!" काकू कपाकडे हात नेतात.

"राहू दे तो," मी म्हणते. "तुम्ही बोला."