‘पेन’पायी परत मागवलेला शोधनिबंध

मॅडमची आणि माझी पहिली भेट उल्हासनगरच्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली आणि पहिल्याच भेटीत मी नापास झाले. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी तिथं हंगामी साहाय्यक म्हणून रुजू झाले होते. ग्रंथपाल डॉ. कुमुदिनी ओव्हाळ यांनी एक शोधनिबंध माझ्यापुढे सरकवला आणि चहा येईपर्यंत वाचायला सांगितला. मी सारांश मन लावून वाचला, आलेख पाहिले. “पैसा कोणी दिलाय?” त्यांनी विचारलं. कुठला पैसा, तेच मला कळेना. “अगं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथून सुरुवात करायची. फ्लॅट बघायला गेलं की आपण आधी पाण्याचं विचारतो ना, तसं.” मी बदलापूरची, पुराचं पाणी शिरणाऱ्या हेंद्रेपाड्यात वाढलेली, पाण्याचा दाखला मला लगेच पटला. तेव्हापासून मी शोधनिबंध मागून पुढे वाचते.

मॅडमचा अभ्यास तसा लोकांना समजावून सांगायला अवघड. त्या स्वतः इ-सिगारेटवर प्रयोग करत नव्हत्या. इ-सिगारेटवर जगभर जे संशोधन छापलं जातं, ते कोण लिहितं, कुठून लिहितं, कोणाच्या पैशावर लिहितं आणि कोण कोणाचा दाखला देतं, हे त्या पाहत होत्या. “एवढं बघून काय मिळणार?” असं स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालंच. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “कशाबद्दल कोणी बोलत नाही, ते कळतं.” बहुतेक लेखन मूठभर श्रीमंत देशांतून येतं, आणि आपल्यासारख्या गावांतल्या पोरांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, ही त्यांची खंत होती. सगळे कामाचे तास ग्रंथालयाला देऊन उरलेल्या वेळात त्यांनी हा अभ्यास पुरा केला. निबंध एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारला. आम्ही पेढे वाटले.

त्या निबंधाचं मोल मला दुहेरी होतं. पीएच.डी.च्या मार्गदर्शक म्हणून विद्यापीठाची मान्यता मिळायला मॅडमना एवढाच एक निबंध कमी पडत होता. आणि मला पीएच.डी. करायची होती ती त्यांच्याकडेच. दुसऱ्या कोणाचा विचारही मी केला नव्हता.

पेढ्यांच्याच आठवड्यात अंबरनाथ पूर्वेला, मॅडमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या भोईर वहिनी त्यांना जिन्यात भेटल्या. मुलांच्या व्यसनांचा विषय निघाला. वहिनी अगदी निर्धास्त होत्या. “आमचा पोरगा सिगारेट-बिगारेट कधी नाय ओढत हां मॅडम. तो फक्त पेन ओढतो. वास पण कसा, स्ट्रॉबेरीचा!” मॅडम त्यांच्यावर रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. तिथंच पायरीवर बसून त्यांनी पेन म्हणजे इ-सिगारेटच, हे समजावलं, आणि नंतर मायलेकांबरोबर स्वतः डॉक्टरांकडे गेल्या. भोईर वहिनी आजही त्यांचं नाव काढलं की डोळ्यांना पदर लावतात.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात निघाल्या. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका सिंधी दुकानदाराला त्यांनी विचारलं, “साईं, ई-सिगारेट है?” तो कानाला हात लावून म्हणाला, “अरे मॅडम, वो तो बॅन है!” “और पेन?” त्यानं मॅडमच्या चष्म्याकडे पाहिलं, पिकलेल्या केसांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “किसके लिए चाहिए?” मला हसू आवरेना. मॅडम मात्र परतीच्या रिक्षात आमच्या शोधशब्दांची यादी काढून बघत होत्या.

ग्रंथालयात पोचल्यावर म्हणाल्या, “आपण शोधताना ‘पेन’ घातलंच नव्हतं. ‘पेन हुक्का’ही नाही, काहीच नाही. आपण पुस्तकातली नावं घेतली. मग आपल्याकडचं कोणी लिहीत नाही असं मी कुठल्या तोंडानं म्हणते? लिहिलं असेल, मीच त्यांना हाक मारली नाही.” आणि त्यांनी स्वीकारला गेलेला निबंध परत मागवला.

मी भांडले. पुढच्या निबंधात दुरुस्ती करू म्हटलं, कोणाच्या लक्षातही येणार नाही म्हटलं. “माझ्या आलंय ना,” एवढंच त्या म्हणाल्या. सगळा शोध पुन्हा, नव्या नावांनिशी सुरू झाला. या विषयावर इतकं भराभर छापून येतं की आम्ही उतरंड लावेपर्यंत दुसऱ्यांची लग्नं लागून गेली होती. तशाच धर्तीचे अभ्यास इतरत्र प्रसिद्ध झाले आणि मॅडमच्या निबंधात आता नवं काही उरलेलं नाही, असं संपादकांचं उत्तर आलं. मार्गदर्शकाची मान्यता हुकली ती हुकलीच. त्या वागल्या ते बरोबरच होतं हे मला कळतं, तरी त्या उत्तराचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मला दुसऱ्या मार्गदर्शकांकडे त्याच घेऊन गेल्या. “मुलगी हट्टी आहे, पण कामाला चोख आहे,” अशी माझी ओळख करून दिली. पुढे माझ्या प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण त्यांनी वाचलं. ऋणनिर्देशात मी त्यांच्यावर लिहिलेला लांबलचक परिच्छेद मात्र त्यांनी लाल पेन्सिलीनं कापून दोन ओळींचा केला. “मार्गदर्शकांच्या आधी माझं नाव आलं तर बरं दिसत नाही,” म्हणाल्या. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव नाही. ते पान उलटताना मला दरवेळी वाईट वाटतं.

आता मॅडम साठ वर्षांच्या झाल्या, निवृत्त झाल्या. त्यांच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं त्यांचा तो अप्रकाशित निबंध इथं छापायचं ठरवलं होतं. मी आनंदानं परवानगी मागायला त्यांच्या घरी गेले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “तज्ज्ञांनी पारखून छापला असता तर गोष्ट वेगळी. माझ्या गौरवापोटी छापलेलं संशोधन नको गं. वाचणाऱ्याला ते पारखलेलंच वाटेल.” आणि मला पोहे करून घातले.

मॅडमना उदंड आयुष्य लाभावं. डोळे असेच तीक्ष्ण राहावेत, गुडघ्यांनी जिने चढू द्यावेत आणि आमच्या कामातल्या चुका दाखवायला त्या आम्हाला पुष्कळ वर्षं हव्यात. त्यांच्या निबंधासाठी राखलेली ही जागा रिकामी राहिली, म्हणून संपादकांनी ती मला दिली. मॅडम, मला ती नको होती.