चिकाको इनाबा आणि बुडालेल्या गावाचं संगीत

चिकाको इनाबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ऑफिसच्या किचनमध्ये सगळ्यांचे कॉफीचे मग घासत होत्या. शेजारच्या छोट्या प्लेअरवर एकच धून पुन्हा पुन्हा वाजत होती. २००४ साल. मी मूळची नागपूरची, अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या त्या लहानशा व्हिडिओ गेम कंपनीत साउंड प्रोग्रामर म्हणून नुकतीच लागले होते. ज्यांचं संगीत मला गेममध्ये बसवायचं होतं त्या संगीतकार ह्याच, हे कळल्यावर मी मग घासू लागायला घाईघाईने हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला काम करता करताच ऐकायचंय. खेळणारा एका जागी किती वेळ अडकेल, आपल्याला कुठे माहीत असतं? हे मग घासून होईपर्यंत धून टोचायला लागली, तर टाकून द्यायची."

धून टोचली. त्यांनी टाकून दिली. मला तर ती सुरेख वाटली होती.

चिकाको ओसाकाच्या. ऐंशीच्या दशकात संगीत शिकून बाहेर पडल्या आणि मैत्रिणींसारखा पियानोचा क्लास न काढता गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागल्या. वडिलांनी कितीतरी दिवस अबोला धरला. तेव्हाच्या यंत्रातून एका वेळी जेमतेम तीन सूर निघायचे, वर ढोलासारखी थोडी खरखर. त्यातच लढाई, समुद्र, लग्न, सगळं बसवायचं. "एक सूर गाणं म्हणायचा," त्या सांगायच्या, "दुसरा पायाखालची जमीन धरून ठेवायचा आणि तिसरा बिचारा नुसता धावत असायचा. कुठे पोकळ वाटलं की तिथे जाऊन उभा!"

त्यांच्या धुना रस्त्यावरची मुलं गुणगुणायची, पण त्यांचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. आपली माणसं दुसऱ्या कंपन्या पळवतील म्हणून त्यांची कंपनी गेमच्या शेवटी टोपणनावं छापायची.

२००१ मध्ये त्यांच्या नवऱ्याची, नोबुओंची, औषध कंपनीच्या इकडच्या शाखेत बदली झाली. नोकरी सोडून चिकाको मॉरिसव्हिलला आल्या आणि शेवटी पियानोच शिकवायला लागल्या. आमच्या कंपनीचा मालक ग्रेग एकदा आपल्या मुलीला क्लासवरून न्यायला गेला होता. वाट बघता बघता तो लहानपणच्या एका गेममधली धून गुणगुणू लागला.

आतून आवाज आला, "शेवटची ओळ खाली उतरते. वर नाही जात."

"तुम्हाला कशी माहीत?"

"मीच केलीय."

ग्रेगने तिथल्या तिथे त्यांना नोकरी देऊ केली.

आम्ही करत होतो तो गेम एका मुलीचा होता. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या गावात ती फिरते, एवढीच गोष्ट. ग्रेगला त्यासाठी भलामोठा ऑर्केस्ट्रा हवा होता. संगीत निम्म्यावर आलं असताना, २००५च्या पानगळीत, एका सकाळी चिकाकोंना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. कान परत आला नाही. त्यांनी राजीनामा पाठवला आणि ग्रेगने तो तसाच टेबलावर ठेवून दिला.

मी माझ्या मुलीला, अनयाला, घेऊन त्यांच्या घरी गेले. चिकाको चहा करत होत्या.

"एका कानाने डावं-उजवं कळत नाही, आसावरी," त्या म्हणाल्या. "सत्तर वाद्यांतलं कोण कुठे बसलंय, मी कसं ठरवू?"

तेवढ्यात अनयाला कपाटातला एक जुना, हातात धरून खेळायचा गेम सापडला. तिने तो सुरू केला. त्याच्या बारक्या स्पीकरमधून चिकाकोंचीच एक जुनी धून किणकिणायला लागली.

मी चपापले. म्हटलं, "अनू, बंद कर ते. बोअर होतंय सगळ्यांना."

"इट्स नॉट बोअरिंग!" अनया खेळतच राहिली. "चिकाकोकाकू, हे तुम्ही केलंय?"

चिकाको किटली हातात घेऊन ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्याला एकच स्पीकर. ह्यात डावं-उजवं नव्हतंच कधी."

सोमवारी त्या ऑफिसात हजर. ऑर्केस्ट्रा कॅन्सल करा, म्हणाल्या. चेलो, बासरी आणि पियानो, बस्स. वाद्यं कुठे बसलीत ते मी माझ्या दोन्ही कानांनी ऐकून त्यांना सांगायचं.

पुढचं वर्षभर आम्ही शेजारी शेजारी बसून काम केलं. "बासरी कुठेय?" त्या विचारायच्या. "माझ्या डाव्या खांद्यामागे," मी सांगायची. "मग तिथून हलव. ती पाण्यापलीकडून यायला हवी." त्यांना ऐकू न येणारी जागा त्यांच्या मनात इतकी स्पष्ट होती, की मलाच पुन्हा नीट ऐकावं लागायचं. थकल्या की उरलेल्या कानात शिट्टी वाजायची. तेव्हा त्या उठून कॉफीचे मग घासायला जायच्या.

ग्रेगला धास्ती होती. "गरीब वाटेल यार सगळं," तो म्हणायचा; 'यार' हा शब्द त्याने माझ्याकडूनच उचललेला. चिकाकोंनी वाद घातला नाही. बुडालेल्या घाटाचा भाग त्याला खेळायला दिला आणि आम्ही दोघी जेवायला गेलो. आम्ही परतलो तेव्हा गेममधली मुलगी घाटाच्या पायरीवर नुसती बसलेली होती आणि ग्रेग पडद्यासमोर.

"पुढे का नाही गेलास?" मी विचारलं.

"जावंसंच वाटेना," तो म्हणाला.

२००७ मध्ये गेम बाजारात आला. विक्री बरी झाली, फार नाही. पण ज्याने त्याने संगीताबद्दल लिहिलं, आणि शेवटी पडद्यावर 'चिकाको इनाबा' हे पूर्ण नाव आलं. नोबुओंनी त्या पडद्याचा फोटो काढून ओसाकाला सासऱ्यांना पाठवला.

पुढच्या वसंतात जवळच्या कॉलेजातल्या मुलांनी ते संगीत एका छोट्या हॉलमध्ये वाजवलं. चिकाको उजवा कान स्टेजकडे करून, जरा तिरक्या बसल्या होत्या. कार्यक्रमानंतर चेलो वाजवणारी मुलगी त्यांच्याकडे आली.

"मध्ये मध्ये इतकी रिकामी जागा का ठेवलीत? वाजवताना भीती वाटते."

"तिथे ती मुलगी चालत असते ना," चिकाको म्हणाल्या. "तिची पावलं ऐकू यायला नकोत?"

रात्रीच्या जेवणाला दोघं आमच्याकडेच येणार होती. नोबुओ माझ्या नवऱ्याबरोबर पुढच्या गाडीतून निघाले. आमच्या गाडीत अनया आठवणीने चिकाकोंच्या उजव्या बाजूला बसली आणि घर येईपर्यंत अखंड बोलत राहिली.